चिडक्या म्हाताऱ्याची तालीम

इंगोलश्टाट, २७ एप्रिल

सौ. कुंदास,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण तुला ते सध्या नकोसे असतील, म्हणून नुसता नमस्कार.

तू सांगितलंस तसंच करतोय. फोन नाही, पत्र. "फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, काय ते लिहून कळवा, मला जमेल तेव्हा वाचेन," असं म्हणालीस. रोहन या कागदांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवेल. उत्तर द्यायची सक्ती नाही, हेही तूच ठरवलंस. आणि जुलैत मी परत आलो की साताऱ्याला आपल्या घरी यायचं, की पुण्याच्या फ्लॅटवर एकट्याने राहायचं, तेही तूच ठरवणार. सगळं लक्षात आहे. एकाहत्तराव्या वर्षी नवऱ्याला परीक्षेला बसवलंस आणि अभ्यासक्रम काय तो सांगितला नाहीस.

इथे सगळं ठीक आहे. रोहन सकाळी कारखान्यात जातो, मुक्ता तिच्या ऑफिसात. मी घरात फेऱ्या मारतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पावलांचा आवाज येतो म्हणून दारात चिठ्ठी लावली. मग मी जिना उतरून रस्त्यावर फेऱ्या मारू लागलो. बसवत नाही. खुर्चीत टेकलो की वाटतं काहीतरी राहिलंय, आणि उठलो की काय राहिलंय ते आठवत नाही. इथल्या पावाबद्दल काही लिहीत नाही. लिहिलं तर म्हणशील, झालं सुरू.

एक गंमत झाली. इथून वीस मिनिटांवर, नदीकाठच्या एका गावात दर जूनमध्ये तीन दिवस जत्रा भरते. साधी जत्रा नव्हे. अख्खं गाव साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून बाजार मांडतं. लोहार, न्हावी, भिकारी, सरदार, सगळे. आपली सूनबाई मुक्ता गेली तीन वर्षं त्यात कांदेवाली होते. मला हे माहीतच नव्हतं; तुला होतं म्हणे. त्या जत्रेत एक चिडका म्हातारा असतो. दिवसभर बाजारातून हिंडायचं आणि प्रत्येकावर कुरकुर करायची, एवढंच काम. ते करणारे गृहस्थ हिवाळ्यात वारले. मुक्ताने जेवताना हे सांगितलं तर रोहन म्हणाला, "आल्झो, म्हणजे बाबांना तर कपड्यांचीही गरज नाही." मुक्ता हसली नाही. खाली मान घालून भात कालवत राहिली.

मी हो म्हटलं. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

आणि एक सांगून ठेवतो. संक्रांतीला महिला मंडळाच्या कार्यक्रमात तुझं नाटक चालू असताना मी उठलो, ते फक्त माईकमधून आवाज येत नाही हे सांगायला. मागच्यांना ऐकू यावं म्हणून. तेवढ्या एका वाक्यावरून माणसाला तीन महिने देशाबाहेर धाडतात का?

यशवंत

११ मे

कुंदास,

फोटोखाली दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलंस. बरं वाटलं.

आता कपड्यांचं सांगतो. इथे मंडळाला फेराइन म्हणतात. त्या फेराइनचा कपडेपट ट्राउडल नावाच्या सत्तरीच्या बाईंकडे आहे. वारलेले गृहस्थ म्हणजे तिचेच यजमान. तिने कपाटातून त्यांचा लोकरीचा कोट काढून माझ्या अंगावर चढवला. मनुष्य आडवा असावा. कोटात मी आणि आणखी एक जण मावलो असतो. ती टाचण्या लावत सुटली. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येतं, बाकीचं मुक्ता सांगते.

नियम फार कडक. मशीनची शिलाई चालत नाही. चेन नाही, घड्याळ नाही, आणि चष्मासुद्धा नाही. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस आहे की खांब ते कळत नाही, तर ट्राउडल म्हणाली, छान, दोघांवरही चिडा. खाली घट्ट लोकरी मोजे, थेट कमरेपर्यंत. माझे पाय तू पाहिले आहेस. ते जर्मनीला दाखवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

कोटाला नवीन अस्तर आणि कोपरांवर नवीन ठिगळं लावली. मग ती जुनी दिसेनात. त्यावर इथला उपाय ऐक: किसणी. मुक्ताने ठिगळं किसणीवर घासली, कॉलरला मेणबत्ती चोळली, वर चहाचं पाणी शिंपडलं. मी म्हटलं, किसणी उलटी धरली आहेस. तिने ती मुकाट्याने माझ्या हातात दिली आणि आत गेली. मग संध्याकाळभर मीच घासत बसलो. एक कोपर फाटलं. ट्राउडलला भीतभीत दाखवलं तर म्हणाली, उत्तम.

चालण्याचंही शास्त्र आहे. डाव्या बुटात खडा ठेवायचा, म्हणजे लंगडायचं विसरत नाही. आणि कोटाच्या आतून मानेपासून कमरपट्ट्यापर्यंत एक आखूड दोरी बांधतात, म्हणजे ताठ होताच येत नाही. मी आयुष्यात कधी वाकून चाललो नाही, तुला ठाऊक आहे. आता दोरी सोडल्यावरही थोडा वेळ तसाच चालतो.

या लोकांत एक म्हण आहे. ओरडलं नाही म्हणजे कौतुकच केलं समजावं. ऐकून मला इतका आनंद झाला! मी ट्राउडलला आमच्या फाउंड्रीचं सांगितलं. चौतीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. प्रत्येक नगावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, खोट असली तर लाल खूण करायची. चांगल्या नगावर काही लिहायचं नसतं, तो आपला पुढे जातो. घरीही माझं तेच. भाजीला मी काही बोललो नाही म्हणजे भाजी झकास. हे तुला एवढ्या वर्षांत कळलं असेलच असं मी धरून चाललो होतो. ट्राउडलने सगळं ऐकलं आणि सुईत दोरा ओवत बसली.

रात्रीची झोप नीट होत नाही. हवापालट असेल.

यशवंत

२५ मे

कुंदास,

तालीम बिघडली. लिहू की नको अशा विचारात दोन दिवस काढले.

शाळेच्या व्यायामशाळेत बाजार मांडला होता. मी विचारलं, बोलू कोणत्या भाषेत? ट्राउडल म्हणाली, तुमच्याच. चिडलेला सूर कुठल्याही भाषेत कळतो. म्हटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. शिरलो बाजारात. पाव दगडासारखा, तराजू वाकडा, लोहाराची ऐरण पोकळ, जमिनीला उतार. एकामागून एक. मुक्ताच्या टोपलीपाशी आलो. म्हटलं, कांद्याला कोंब आलेत, अर्धे सडलेत, मांडणी भिकार आहे, आणि बसायची ही काय पद्धत? तिने मला काहीतरी उलट बोलायचं असं ठरलं होतं. ती खाली मान घालून उभी राहिली. चष्मा नसल्यामुळे मला कळलं नाही, पण माझ्या आजूबाजूची माणसं हळूहळू पांगली होती. बाजाराच्या मधोमध मी एकटाच बोलत होतो.

ट्राउडलने टाळी वाजवून तालीम थांबवली. तिचं बोलणं मुक्ताने मला मराठीत सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"बाबा, ती म्हणते, तुम्ही दोष काढताय. म्हाताऱ्याने कुरकुर करायची असते."

मी विचारलं, फरक काय?

"कुरकुर करणारा उत्तराची वाट बघतो, म्हणते. दोष काढणाऱ्याला उत्तर नकोच असतं."

मला राग आला. नाचता येईना अंगण वाकडं असं तुला वाटेल, पण मी म्हटलं, तुमचं हे नाटकच मला पटत नाही, दुसरा माणूस बघा. ट्राउडल हलली नाही. तिने विचारलं, हा म्हातारा आहे कोण? मुक्ताने त्याच्यासाठी एक हकिगत रचली होती. हा कोकणच्या किनाऱ्यावरचा मिरीचा व्यापारी. जहाजातून माल घेऊन आला, सोबतचे लोक परत गेले, हा इथेच अडकला. बरं, मग तो चिडलाय कशावर, ट्राउडलने विचारलं. पावावर माणूस एवढा चिडत नाही.

मी काही विचार न करता बोलून गेलो.

"त्याला घरी जायचंय. आणि घरचे घेतील की नाही, ते त्याला माहीत नाही."

मुक्ताने पहिलं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

ट्राउडलने माझ्या जागी दुसरा माणूस बघितला नाही, एवढं खरं. गाडीत मुक्ता म्हणाली की रेडिओ लावू का. मी म्हटलं, लाव. पहिल्यांदाच तिला आवाज कमी कर म्हणालो नाही, पण त्या दिवशी मला काही ऐकूच येत नव्हतं.

संक्रांतीचं मागे अर्धवट लिहिलं होतं. माईकचं सांगून झाल्यावर मी आणखी एकदा उठलो होतो. तुझं दुसरं वाक्य चुकलं, तेव्हा. आठवलं म्हणून लिहिलं.

यशवंत

१५ जून

कुंदास,

तू ठीक आहेस ना? निळ्या खुणा येतात, पण त्यांवरून माणसाची तब्येत कळत नाही. गुडघा कसा आहे ते रोहनला कळवलंस तरी चालेल.

इथे जत्रेच्या दोन आठवडे आधी कपड्यांची तपासणी असते. नगरपालिकेच्या अंगणात सगळ्यांनी आपापले कपडे घालून रांगेत उभं राहायचं. तपासणारे गृहस्थ केसलर, शाळेत इतिहास शिकवायचे. हातात भिंग. बटणं बघतात, टाके बघतात, बुटाचा तळवाही उलटा करून बघतात. खरं सांगू? लांबून मला मनुष्य आवडला. म्हटलं, आपल्या जातकुळीचा आहे.

माझा नंबर आला. त्यांनी कोट वर केला, अस्तराची कड उलटी केली आणि थांबले. मुक्ताने ऑफिसच्या गडबडीत तेवढी एक कड मशीनवर मारली होती. केसलरांनी ती कड सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि मोठ्याने काहीतरी म्हणाले. अंगणात हशा पिकला. वाईट मनाने हसले नसतील. पण मी आत दोरीने बांधलेला, त्यामुळे ताठ उभं राहून त्यांच्याकडे बघताही येईना. कोट वर, ते पाय उघडे, आणि मी जमिनीकडे बघत उभा. मुक्ताचा चेहरा मला दिसला नाही, पण ती कुठे उभी आहे ते माहीत होतं. तिथून रडण्याचा आवाज येत होता.

चूक खरीच होती. शिलाई मशीनचीच होती. तेच जास्त लागलं. खोटं असतं तर मी केसलरला पुरून उरलो असतो.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तुझं दुसरं वाक्यही खरंच चुकलं होतं, कुंदा. पण ते मी खुर्चीत बसून ऐकलं असतं तरी नाटक पुढे गेलं असतं. समोर एवढ्या बायका, रोज भेटणाऱ्या. तू नऊवारी नेसून, म्हातारीच्या पांढऱ्या केसांचा टोप लावून उभी.

पुढचं लिहीत नाही.

ती कड उसवून मी स्वतः हाताने शिवली. चष्मा लावून, चार संध्याकाळी लागल्या. मुक्ता म्हणत होती, बाबा, द्या इकडे. मी दिली नाही. तिला म्हटलं की तुझी बाकीची शिलाई उत्तम आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढं काय बघायचं, असं तोंडावर आलं होतं.

यशवंत

२९ जून

कुंदा,

जत्रा झाली. रोहनने तुला व्हिडिओ पाठवला आहे म्हणे. तू तो बघण्याआधी हे पत्र वाचावंस अशी माझी इच्छा होती, पण रोहनला धीर कुठे.

ऊन मरणाचं, अंगावर लोकर. पहिला तास नुसता घाम पुसत होतो. मग दारूच्या ठेल्यापाशी एक आडदांड माणूस दिसला, म्हणजे अंदाजाने दिसला. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या देहाला एवढासा पेला? आणि थांबलो. काय अवघड असतं गं थांबणं! तोंडात पुढची चार वाक्यं तयार होती. पेला गळका आहे, फेसच जास्त आहे, सकाळी सकाळी कशाला पितोस. सगळी गिळली. तो माणूस बुचकळ्यात पडला, मग त्याच्या बोलीत काहीतरी ठणकावून म्हणाला. मला एक अक्षर कळलं नाही. लोक हसले. मी काठी हलवली. त्याने मला पेला दिला, मी पाणी आहे म्हणून परत केला, तो पुन्हा काहीतरी म्हणाला, मी पुन्हा थांबलो. दुपारपर्यंत माझ्यामागे पोरांसकट घोळका फिरत होता.

मुक्ताच्या टोपलीपाशी गेलो. म्हटलं, कांद्याला कोंब आलेत. आणि थांबलो. तिने हातातला कांदा टोपलीत टाकला. मग कमरेवर हात ठेवून मराठीतच म्हणाली,

"मग घेऊ नका. तुमच्यासारखं गिऱ्हाईक सकाळी आलं की दिवसभर बोहनी होत नाही."

लग्न होऊन अकरा वर्षं झाली, सून मला पहिल्यांदाच उलटून बोलली. आधी मी रागावलो, खरंच रागावलो. मग हसू फुटलं. तीही हसली. लोकांना वाटलं, हे सगळं नाटकातलंच.

संध्याकाळी दोरी सोडवताना मी ट्राउडलला म्हटलं, तुमच्या यजमानांवर लोकांचं फार प्रेम असणार. ती म्हणाली, हो, प्रेतयात्रेला दोन गावं लोटली होती. मग म्हणाली, "तो घरी आला की हा कोट काढायचा आणि टीव्ही लावायचा. माझं उत्तर त्याने वर्षातून तीन दिवस ऐकलं. तेही मी गर्दीत उभी राहून दिलं तर."

मुक्ताने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

म्हणून लिहितो, तो व्हिडिओ बघून काही ठरवू नकोस. जत्रेत सगळेच चांगले वागतात. लोक टाळ्या वाजवत असले की थांबायला काय लागतं. मी घरी कसा वागेन ते मला माहीत नाही. भीती वाटते. पुण्याच्या फ्लॅटची नाही, तिथे नळाला पाणी आहे, खाली वाणी आहे. तू एकटी जास्त सुखात आहेस असं कळलं तर, त्याची.

तुझी आठवण येते. फार येते.

एक विचारायचं होतं. तुझ्या त्या नाटकात म्हातारीचं शेवटी काय होतं? मला शेवट आठवतच नाही.

यशवंत

सातारा, ५ जुलै

अहो,

तुमची सगळी पत्रं वाचली. काही दोनदा.

आधी गुडघा. गुडघा बरा आहे. तुम्ही गेल्यापासून मी रोज टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालून येते. सकाळी उशिरा उठते. आमटीत एके दिवशी मीठ विसरले, तशीच खाल्ली, कोणाला काही झालं नाही. पहिला महिना इतका सुखाचा गेला की मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या महिन्यात पत्रांची वाट बघायला लागले. हे सांगावं की नाही याचा विचार करत होते, पण तुम्ही एवढं लिहिलंत, तर मीही लिहिते.

व्हिडिओ पाहिला. मोज्यांत तुमचे पाय बरे दिसतात. मुक्ता बोलली ते ऐकून मी एकटीच मोठ्याने हसले. पण मग पुन्हा लावून तो पेलावाला माणूस बघितला. तो बोलेपर्यंत तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत उभे होतात. त्याची भाषा तुम्हाला कळत नव्हती, तरी थांबलात. मला तर मराठी येतं.

त्या दिवशी खूप रडले. राग पुन्हा पहिल्यासारखा आला. मग तुमचं पत्र उघडलं, त्यात तुम्हीच लिहिलंय की जत्रेवरून ठरवू नकोस. तेवढं एक वाक्य नसतं तर मी दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या फ्लॅटवर गॅसचा सिलिंडर पाठवला असता.

नाटकाचा शेवट तुम्हाला आठवत नाही, कारण तो झालाच नाही. तुम्ही दोनदा नाही, तीनदा उठलात. तिसऱ्यांदा म्हणालात, "आवरा आता, लोकांना घरी जायचंय." मी आत जाऊन पडदा पाडायला सांगितला. नाटक अर्ध्यावर होतं. त्या म्हातारीची खरी वाक्यं पुढेच होती. ती मी स्वतः लिहिली होती. तुम्हाला ते माहीत नाही, कारण कोणी लिहिलं हे तुम्ही विचारलं नाहीत.

पंधरा तारखेला मी मुंबईला विमानतळावर येते. आपल्या कॉलनीतल्या विलासची गाडी सांगितली आहे. तुम्ही मागे बसायचं, माझ्या शेजारी. गाडी सुरू झाली की मी ते नाटक पहिल्यापासून म्हणून दाखवेन, पूर्ण. पुण्यापर्यंत आरामात होतं, मी घड्याळ लावून बघितलंय. चुकलं तर चुकू द्यायचं.

पुणे आलं की गाडी डावीकडे शहरात घ्यायची की सरळ साताऱ्याला, ते विलासला मी सांगेन. तुम्ही काही सांगायचं नाही.

कुंदा